जळक्या तेलाचा नकाशा

मागच्या पावसाळ्यात मी दोन महिने लोकांच्या कढयांत डोकावत फिरले. घरी कोणी विचारलं तर "ऑफिसचं काम" एवढंच सांगायचे. पहिल्या दिवशी खरं सांगितलं होतं, तेव्हा आई पोट धरून हसली होती. भूगोलात एम.ए. झालेली, दहा वर्षं संगणकावर नकाशे करणारी मुलगी वडेवाल्यांना विचारत फिरते, की तुमचं उरलेलं तेल जातं कुठे!

झालं असं, की ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात एका गृहस्थांना वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल करायचा छोटा कारखाना टाकायचा होता. रबाळ्याला गाळा बघून ठेवलेला, यंत्रवाल्याला बयाणा द्यायची तयारी. बँकेने एकच विचारलं, रोज तीन टन तेल आणणार कुठून? म्हणून ते आमच्याकडे आले. महाप्याला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं बसतो. जलवाहिन्या, मालमत्ता सर्वेक्षण, असली आमची नेहमीची कामं. शेठ म्हणाले, "मॅडम, ठाणे नि नवी मुंबई मिळून दिवसाला किती तेल निघतं, तेवढं नकाशावर दाखवा." मी म्हटलं, पंधरा दिवसांत देते.

मागणीची बाजू दोन दिवसांत उरकली. केंद्राच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं उद्दिष्ट आहे. देशात वर्षाला ९ कोटी टनांच्या आसपास डिझेल खपतं, त्याचे ५ टक्के म्हणजे ४५ लाख टन. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१८ मध्येच वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची 'रुको' मोहीम काढली, तेव्हा देशभरातून २२० कोटी लिटर वापरलेलं तेल गोळा होऊ शकतं असा अंदाज मांडला होता. तेलाचं वजन लिटरला साधारण ९२० ग्रॅम धरलं तर ते २० लाख टन भरतं. हा अंदाज तंतोतंत खरा ठरला तरी उद्दिष्टाच्या निम्म्यावरही गाडी पोचत नाही. तरी मी इमानेइतबारे पेट्रोल पंप, बॉयलरवाले कारखाने, जनरेटरच्या इमारती, ट्रक उभे राहायच्या जागा असे सगळे बिंदू टाकले. दिघ्यापासून नेरुळपर्यंतचा पट्टा, वागळे इस्टेट, तळोजा, सगळं लालभडक. चेरापुंजीत पाऊस कुठे पडतो याचा नकाशा काढल्यासारखं झालं. शेठना सांगितलं, बायोडिझेल आयएस १५६०७ या मानकात बसत असेल तर गिऱ्हाईक शोधायला नकाशा लागणार नाही. तेलाचं बोला.

तेलाची सुरुवात मी आळशासारखी लोकसंख्येपासून केली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८,४१,४८८ आणि नवी मुंबई ११,२०,५४७, मिळून साडेएकोणतीस लाखांच्या वर. माणशी वर्षाला १९ किलो खाद्यतेल हा सगळीकडे फिरणारा आकडा घेतला. दिवसाला दीडशे टनांच्या थोडं वर जातं. त्यातलं दहा टक्के उरत असेल असं मीच ठरवलं आणि उत्तर आलं पंधरा टन. शेठना तीनच हवे होते. त्यांनी ते फोनवर ऐकलं आणि मला "वा, वा" असं दोनदा म्हणाले. दहा टक्के कुठून आणले हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्या जनगणनेने आणखी एक घोळ घातला. जिल्ह्याच्या पातळीवरचे तक्ते उघडले तर २०११ चा ठाणे जिल्हा म्हणजे डहाणू-तलासरीपर्यंतचा अखंड जिल्हा. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. मी नवी हद्द आणि जुना तक्ता जोडून मोकळी झाले होते, त्यामुळे आजच्या सात तालुक्यांच्या अंगावर पालघरची माणसंही बसली. दुसरीकडे खारघर, कळंबोली, तळोजा हे रोजच्या बोलण्यात नवी मुंबई, पण महापालिका पनवेलची नि जिल्हा रायगड, म्हणून ते माझ्या नकाशाच्या बाहेर. रबाळ्याहून टेम्पोने निघालं तर तळोजा कुठे नि भिवंडी कुठे! हद्दी पुसल्या आणि कारखान्यापासून किती लांब, एवढाच निकष ठेवला.

मग खरे बिंदू. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर हॉटेलं बरी सापडतात, पण हातगाड्या, फरसाणची दुकानं, केटरर यांचा पत्ता नसतो. म्हणून आम्ही फोनवर क्यूफील्ड हे जागेवरच नोंदी घ्यायचं अ‍ॅप टाकलं आणि वाट्याला येईल तो भाग पायी काढला. दुकानासमोर उभं राहायचं, बिंदू टाकायचा, पदार्थ, रोजचे डबे, तेल कधी बदलता, उरलेलं कोणाला देता, हे भरायचं. आमच्या इंटर्नने मात्र कोपरखैरण्याची पहिली यादी वहीत लिहिली आणि रात्री एक्सेलमध्ये चढवली. सकाळी मी ती क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे आमच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडली तर नकाशा कोरा. तिथे एकेका यादीचा एकेक थर होतो. 'थरापर्यंत झूम करा' म्हटल्यावर पडदा निळाशार. कोपरखैरण्याची सगळी चायनीज, वडापाव आणि डोसा सेंटरं नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या जरा खाली, समुद्रात तरंगत होती. पोराने अक्षांश-रेखांशाची अदलाबदल केली होती. १९ अंश उत्तर नि ७३ पूर्वच्या जागी ७३ उत्तर नि १९ पूर्व. ते चित्र आम्ही छापून पाण्याच्या मशीनजवळ लावलंय.

त्याला हसायचा मला फार अधिकार नव्हता. त्याच आठवड्यात मी कारखान्याभोवती 'तीन'चं वर्तुळ काढलं आणि ते सुरतेपासून कोल्हापूरपर्यंत पसरलं. थर अक्षांश-रेखांशाच्या अंशांत होता, मी किलोमीटर समजत होते, आणि मशीनने निमूटपणे तीन अंश मोजले. आपल्याकडे यूटीएम या मीटरमधल्या मापन-पद्धतीचा ४३ वा उत्तर पट्टा लागतो, क्यूजीआयएसमध्ये त्याचा क्रमांक ३२६४३. तो लावला की मापं मीटरमध्ये येतात. हे मी नव्या पोरांना शिकवते, बरं का. शेपफाइल या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये मराठी नावांची प्रश्नचिन्हं झाली, तेव्हा सगळं जिओपॅकेज या नव्या प्रकारात हलवलं. त्या भानगडीत एक अख्खा शनिवार गेला, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

बिंदू जमले तसा मी घनतेचा नकाशा काढला, जिथे दुकानं दाट तिथे रंग गडद. दिसायला फार देखणा. ठाणे स्टेशन पेटलेलं, गावदेवी, नौपाडा, राम मारुती रोड नारिंगी, खाडीपलीकडे वाशीचं सतरा सेक्टर आणि बाजार समितीचा परिसर. शेठनी तो मला न विचारता बँकेला पाठवला.

तो चुकीचा होता, आणि ते मला कळलं गावदेवीजवळच्या एका वड्याच्या गाडीवर.

तेल तापून तापून खराब होतं तसे त्यात ध्रुवीय घटक वाढतात. ते मोजायचा एक हातातला मीटर मिळतो. टीपीसी मीटर म्हणतात. लांब दांडी, टोकाला संवेदक, गरम तेलात बुडवून हळू ढवळायचं, अर्ध्या मिनिटात टक्केवारी दिसते. १ जुलै २०१८ पासून नियम आहे, की हा आकडा २५ च्या वर गेला तर ते तेल खाण्यात वापरायचं नाही. मी तो मीटर पिशवीतून काढला तसा गाडीवरच्या काकांचा झारा हवेतच थांबला.

"ताई, तपासायला आलात का विकत घ्यायला?"

"मोजायला. नकाशा करतोय."

"तेलाचा नकाशा?" त्यांनी शेजारच्या चहावाल्याकडे बघितलं. "बुडवा. पण घाणा निघू दे आधी."

घाणा निघाला. बारा वडे, चाळणीवर निथळत ठेवलेले. मी दांडी बुडवली. तेल मला काळपट वाटत होतं, मनात मी तीस धरले होते. मीटरवर १७ आले. काका म्हणाले, "बेसनाचा चुरा जळून रंग येतो. रंगावर जाऊ नका." मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, दिवसाचं तेल किती उरतं?

"उरतं कुठे?"

ते मला त्यांनी नीट समजावून सांगितलं, मधूनमधून वडे सोडत. सकाळी पंधरा किलोचा डबा फोडायचा. कढईत लागेल तेवढं घ्यायचं. वडा तेल पितो, कढई खाली जाते, वरून भर घालायची. दिवसभर हेच. रात्री कढई गार झाली की फडक्यातून गाळायचं, तळाचा गाळ फेकायचा, आणि राहिलेलं दोन-तीन लिटर उद्याच्या नव्या तेलात. रोज एक डबा संपवणारा हा माणूस टाकत होता वाटीभर गाळ. जे उरायला हवं होतं ते गिऱ्हाइकाच्या पोटात पावासकट गेलं होतं.

मी तिथेच फोन काढला आणि 'रोजचं उरलेलं तेल' या रकान्यात शून्य भरलं. मग आधीच्या नोंदी बघितल्या. बहुतेकांनी असंच काहीतरी सांगितलं होतं, आणि आम्ही तिथे अंदाजाने डब्याचा पाव हिस्सा टाकत गेलो होतो.

फरसाणच्या कारखान्यांत तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर. तिथे तेलाची कढई एका बाजूने रिकामी होते, दुसऱ्या बाजूने भरते. शेव नि गाठ्या इतकं तेल बरोबर घेऊन जातात, की जुनं तेल साचून खराब व्हायला सवडच मिळत नाही. कळव्याच्या एका कारखानदाराने तर मला उलट विचारलं, "तेल टाकायचं असतं तर धंदा कशाला केला असता?"

टाकतात कोण? ज्यांच्याकडे तेल बदलायचं वेळापत्रक लिहून भिंतीवर लावलेलं असतं ते. मॉलमधली बर्गर नि तळलेल्या कोंबडीची दुकानं, मोठ्या हॉटेलांची स्वयंपाकघरं, ऐरोली-घणसोलीतल्या आयटी पार्कांची कँटीनं. १ मार्च २०१९ पासून तळणीला रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांना त्याची नोंदवही ठेवावी लागते आणि वापरलेलं तेल नोंदणीकृत गोळा करणाऱ्यालाच द्यावं लागतं. या मंडळींकडे मी गेले तर चहाआधी रजिस्टर पुढे आलं. कढई बघायची गरजच पडली नाही. मी बिंदूंना दुकानांच्या संख्येऐवजी टाकलेल्या तेलाचं वजन दिलं आणि नकाशा परत काढला. ठाणे स्टेशन विझलं. उजेड पडला तो मॉल, हॉटेलं आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या काचेच्या इमारतींवर, जिथे आम्ही सर्वेक्षणाला सगळ्यात शेवटी गेलो होतो, कारण वॉचमन आत सोडत नव्हते.

आणखी एक बिंदू होता, तो कुठे ठेवायचा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. वाशीला एका रेस्टॉरंटच्या मागच्या दाराशी थांबलेले असताना स्कूटरवरून एक जण आला. पायाशी दोन डबे, मागे दोन. आचाऱ्याने त्याला काळं तेल ओतून दिलं, नोटा घेतल्या, कुठेही सही नाही. मी विचारलं हे जातं कुठे. "साबणाला," तो म्हणाला आणि हसला. तीन दिवसांनी एका चायनीज गाडीवर मी तेल टाकता का असं विचारलं, तेव्हा तिथला मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "आम्ही टाकत नाही मॅडम, आम्ही घेतो." मीटर बुडवू दिला नाही. माझ्या हिशेबात शेठचा स्पर्धक दुसरा बायोडिझेलवाला होता. खरा स्पर्धक हा स्कूटरवाला, जो किलोमागे दोन रुपये जास्त देतो, रोख देतो आणि पावती मागत नाही. असल्या तेलावर लोकांची पोटं जातात याचा मला संताप आला, अजूनही येतो. नकाशात मात्र मी एवढंच करू शकले, की त्या भागातल्या लहान रेस्टॉरंटांचं तेल निम्मं धरलं.

घरगुती तेलाचा थरही उडवला. एका सोसायटीत पिंप ठेवून बघायची कल्पना होती. आईला म्हटलं, दिवाळीला तळणाचं तेल उरलं की मला दे. ती म्हणाली, "का? चकलीचं तेल चांगलं असतं. फोडणीला लागतं." आमच्याकडे ते तेल तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतं. आणि ज्यांच्याकडे फोडणीला लागत नाही, ते बेसिनमध्ये ओततात आणि मग प्लंबरला बोलावतात. पिंपापर्यंत चार जिने उतरून कोण जाणार?

शेवटचा काप रस्त्याने घातला. पहिल्या नकाशात मी कारखान्याभोवती गोल वर्तुळं काढली होती. वर्तुळाला पारसिकचा डोंगर दिसत नाही. रबाळ्याहून मुंब्रा सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटर, पण टेम्पोला कळव्याला वळसा घालावा लागतो नाहीतर महापे-शिळफाट्यावरून जावं लागतं. म्हणून रस्त्यांच्या जाळ्यावरून अर्ध्या तासात कुठवर पोचता येतं ते काढलं. संगणकाने घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या पुढपर्यंत रंग भरला. हा नकाशा मी शेठच्या टेम्पोवाल्याला दाखवला. छोटा हत्ती चालवतो, पंधरा वर्षं याच रस्त्यांवर. त्याने बोटाने एकेक रस्ता दाबत हिशेब सांगितला. सकाळी अकराच्या आत माजिवड्याच्या पुढे जायचं नाही. विटावा पुलाखाली पाणी साचलं की ऐरोली-कळवा विसरायचं. तीन हात नाक्याला सिग्नल मोजू नका, दिवस मोजा. मी त्याच्या तोंडच्या वेळा रस्त्यांच्या तुकड्यांना भरल्या. भर वाहतुकीचा अर्ध्या तासाचा पट्टा कापूरबावडीच्या अलीकडेच आटपला. तळोजा आणि खारघर मात्र आरामात आत आले. हद्द पुसली नसती तर ते राहूनच गेले असते.

पंधरा टनांचं शेवटी उरलं सव्वा टन, तेही दिवाळी-नाताळच्या हंगामात. श्रावणात कोंबडीची दुकानं थंडावतात, तेव्हा टनाच्या खाली.

हे सांगायला मी रबाळ्याला गेले. गाळ्यात अजून यंत्र आलं नव्हतं, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक देवाचा फोटो. शेठनी कागद बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "तुम्ही आधी पंधरा सांगितले होते."

"हो."

"बँकेला पंधरा पाठवलेत मी."

मी काही बोलले नाही. त्यांनी चहा मागवला आणि कॅलक्युलेटर काढला. तासाभराने यंत्रवाल्याला फोन करून तीन टनांऐवजी एक टनाचं यंत्र मिळेल का ते विचारलं. बँकेला पत्र कोणी लिहायचं यावर आमचं थोडं वाजलं. शेवटी मीच लिहिलं. फी त्यांनी पूर्ण दिली, दोन हप्त्यांत.

टेम्पो आता मंगळवारी वाशी-खारघर आणि शुक्रवारी ऐरोली-ठाणे असा फिरतो. मार्ग मी आखलाय, थांबे टेम्पोवाल्याने बदललेत.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी गावदेवीला उतरले होते. काकांनी ओळखलं. दोन वडापाव बांधताना विचारलं, "झाला का तुमचा तेलाचा नकाशा? आम्ही आहोत का त्यात?"

मी फोनवर उघडून दिला. त्यांनी हात पुसले, चष्मा वर केला आणि बोटांनी नकाशा मोठा करत राहिले. स्टेशन सापडलं, मैदान सापडलं, गाडीच्या जागी काहीच नव्हतं. शेवटच्या थरात शून्यवाल्यांना वर्तुळच येत नाही. मी फोन घेतला, तो थर बंद केला आणि जुना दुकानांचा थर लावला. एकदम शंभरेक ठिपके उगवले. त्यातल्या एकावर बोट ठेवलं तर खिडकीत त्यांच्या गाडीचं नाव.

काका बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे रस्त्याच्या त्या बाजूला दाखवलंय. आम्ही या बाजूला. तिकडे तो चपलावाला आहे."

जीपीएस अशा दाट इमारतींत दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे करतो. मी वडापावची पिशवी मनगटाला अडकवली, ठिपका उचलला आणि रस्ता ओलांडून ठेवला.

"अजून थोडा अलीकडे," काका म्हणाले. "विजेच्या खांबापाशी."